हलकं पिस्तूल, जड चाप

बंदुकीच्या दुकानात बाई शिरली की काउंटरपलीकडचा माणूस तिच्या हातात पहिलं हत्यार ठेवतो ते दुकानातलं सगळ्यात छोटं. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. तिथल्या ज्या ज्या दुकानात मी गेले, तिथे हेच झालं. आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनचं ६४२ किंवा त्याचं एखादं भावंड. ॲल्युमिनियमची चौकट, वजन चारशे ग्रॅमच्या थोडं वर. ‘पर्समध्ये मावेल. स्लाइड ओढायची कटकट नाही. चाप ओढला की काम झालं.’ सांगणारा माणूस वाईट नसतो, त्याला खरंच वाटत असतं की बाईला हलकंच हवं. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो इतक्या बायकांना इतक्या आपुलकीनं दिला जातो म्हणूनच मला त्यावर लिहावंसं वाटतं.

त्या रिव्हॉल्व्हरचा चाप पूर्ण मागे आणायला साधारण साडेपाच किलोचा जोर लागतो. हत्यार चारशे ग्रॅमचं आणि एका बोटानं लावायचा जोर त्याच्या दहापटीहून जास्त. एवढा जोर लावताना मूठ आवळली जाते, मनगट किंचित वळतं आणि गोळी सुटण्याच्या क्षणी नळीचं तोंड दुसरीकडेच गेलेलं असतं. नळी जेमतेम दोन इंचांची, त्यामुळे नेम धरायची पुढची खूण आणि मागची खाच अगदी जवळजवळ. तिथे केसाएवढी चूक झाली तरी समोर वीतभर फरक पडतो. मग धक्का. गोळी पुढे जाते, हत्यार मागे येतं. जड हत्यार त्या धक्क्यातला बराच भाग आपल्या वजनात जिरवतं, हलकं हत्यार तो सगळा तळहाताच्या हवाली करतं. रेंजवर भाड्यानं घेऊन मी ते चालवलं, तेव्हा पहिल्या पाच गोळ्यांनंतर अंगठ्याच्या बुडाशी आग व्हायला लागली. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागले. अशा हत्याराचा सराव माणूस आनंदानं करत नाही, आणि सराव नसलेलं हत्यार जवळ असणं हे नसण्याहून धोक्याचं. लपवायला सगळ्यात सोपं असलेलं हे हत्यार चालवायला सगळ्यात अवघड आहे. निशाणेबाजीत मुरलेल्या माणसानं ते खुशाल बाळगावं. नवशिक्याच्या हाती ते देणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याच रेंजवर मी ग्लॉक १९ चालवलं. रिकामं असताना सहाशे ग्रॅम, भरलं की साडेआठशेच्या आसपास, मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या. चाप अडीच किलोचा. माझा हात लहान, त्यामुळे मूठ पुरेपूर बसत नव्हती. तरी सात यार्डांवरच्या कागदावर भोकं एका ताटलीएवढ्या जागेत पडली, आणि तीसुद्धा न घाबरता. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायला मात्र ताकद लागली. माझ्या बोटांच्या सांध्यांची कुरकुर आता सुरू झाली आहे, तेव्हा हा मुद्दा माझ्यासाठी छोटा नाही. २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसननं शील्ड ईझी नावाचं पिस्तूल काढलं, त्याची स्लाइड मुद्दाम सैल ठेवलेली आहे. सुरुवातीला ते .३८० च्या गोळीत आलं, पुढे ९ मिलिमीटरमध्येही. कमी ताकदीच्या हातांचा विचार करून वजन घटवण्याऐवजी यंत्रणाच सुधारली, हे मला फार आवडलं. कोणाच्या तरी मनात खऱ्या माणसाचे खरे हात होते.

यावरून मला कानपूरच्या ‘निर्भीक’ची आठवण होते. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या त्या भयंकर सामूहिक बलात्कारानंतर, २०१४ च्या जानेवारीत, तिथल्या फील्ड गन फॅक्टरीनं बायकांसाठी म्हणून .३२ चं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. दागिन्यांसाठी असावी तशी मरून रंगाची पेटी. भारतात ९ मिलिमीटरची गोळी सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही, म्हणून .३२ हे ओघानं आलं, त्याबद्दल तक्रार नाही. मला खुपते ती पेटी. जिला बसमध्ये धक्के खावे लागतात, जिला रात्री स्टेशनवरून घरी चालत यावं लागतं, तिच्याकडे सव्वा लाख नसतात, परवान्यासाठी ओळखपाळख नसते आणि सरावाला जागा नसते. तिच्या हातांचा, तिच्या रस्त्याचा विचार कुठेच नाही. हलकेपणा आणि पेटी, एवढ्यावर ते हत्यार बायकांचं ठरलं. टेक्सासमधलं गुलाबी मुठीचं पिस्तूल आणि कानपूरची मरून पेटी यांच्यामागचं डोकं मला एकच दिसतं.

माझं बालपण वाळवा तालुक्यातलं. आमच्या घरी बारा बोअरची बंदूक होती, उसात रानडुकरं शिरायची म्हणून आजोबांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढलेला. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागून काही दिवस गेले की परत आणायची. आजोबा ती कापडात गुंडाळून सायकलला बांधून न्यायचे आणि पावती देवघरातल्या डब्यात ठेवायचे. बंदूक ही सरकारच्या परवानगीनं काही काळ आपल्याकडे राहणारी वस्तू आहे, हे माझ्या मनात तेव्हापासून बसलेलं. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं, एरवी तिच्याकडे कोणी बघायचंही नाही. ती लपवायची कल्पनाच नव्हती. ती अख्ख्या गावाला ठाऊक होती आणि तिचा निम्मा उपयोग त्यातच होता.

टेक्सासमध्ये सगळंच उलट. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं अपात्र न ठरलेल्या माणसाला पिस्तूल अंगावर बाळगायला परवाना लागत नाही. तरी मी परवान्याचा वर्ग केला. परीक्षेत पन्नास गोळ्या झाडाव्या लागतात: तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस, पंधरा यार्डांवरून दहा. अडीचशेपैकी एकशे पंचाहत्तर गुण मिळाले की पास. परीक्षा सोपी आहे, फार सोपी. पण वर्गात कायदा शिकवतात तो भाग प्रत्येकानं ऐकावा असा आहे. नुसत्या शिवीगाळीला उत्तर म्हणून बळ वापरणं टेक्सासच्या दंडसंहितेत समर्थनीय नाही. जीवघेणं बळ वापरायचं तर ते त्या क्षणी अपरिहार्य आहे असं वाटायला सबळ कारण हवं. म्हणजे ज्या दिवशी पिस्तूल कमरेला असेल त्या दिवशी कोणी गाडी आडवी घातली तरी हॉर्न वाजवायचा नाही, कोणी ‘आपल्या देशात परत जा’ म्हणालं तरी मान खाली घालून निघून जायचं. माझ्यासारख्या तापट बाईला ही अट पिस्तुलाच्या वजनाहून जड आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथ गावी एका बारमध्ये अशाच शब्दांनंतर एका भारतीय अभियंत्याचा खून झाला. त्यानंतर आमच्या ओळखीतल्या काही घरांत पहिल्यांदा बंदुकीचा विषय निघाला. ती भीती खोटी नव्हती आणि आजही नाही.

कोणती गोळी चांगली, यावर इथले पुरुष रात्ररात्र वाद घालतात. मला त्यात फार रस नाही. १९८६ साली मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेनं मोठ्या, जोरकस गोळ्यांचा ध्यास घेतला, आणि तीसेक वर्षांनी ती पुन्हा ९ मिलिमीटरवर आली. कारण नव्या रचनेची छोटी गोळी पुरेशी परिणामकारक ठरत होती आणि बहुतेकांचा नेम तिनंच चांगला लागत होता. जी लागते ती गोळी चांगली, माझ्यापुरता हा विषय इथे संपतो.

कपड्यांचा प्रश्न मात्र मोठा आहे आणि पुरुष त्यावर कधीच बोलत नाहीत. लपवून बाळगायच्या पिस्तुलाला आधी कडक पट्टा लागतो, पट्ट्याला पँट लागते, पँटवर सैल शर्ट लागतो. मी कामावर पँट घालते, पण देवळात, मंडळाच्या कार्यक्रमाला, कोणाकडे जेवायला जाताना अंगावर कुर्ता-लेगिंग किंवा साडी. इलॅस्टिकवर सहाशे ग्रॅम टिकत नाहीत. पोटाभोवती बांधायचे रुंद पट्टे मिळतात, पण त्यातल्या स्वस्त पट्ट्यांत चापाची जागा नुसत्या कापडाआड असते. होल्स्टर कडक हवं आणि त्यानं चाप पूर्ण झाकलेला हवा, यात तडजोड नाही. पिस्तुलासाठी पाचशे डॉलर मोजणारी माणसं होल्स्टरवर वीस डॉलर खर्च करतात, तेव्हा मला त्यांची काळजी वाटते.

मग उरते पर्स. दुकानदाराचा पहिला सल्ला तोच असतो. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहो राज्यात हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये एक तरुण आई मुलांना घेऊन खरेदी करत होती. ती शास्त्रज्ञ होती, बंदुका तिला नव्या नव्हत्या. पिस्तुलासाठी खास कप्पा असलेली पर्स तिला नाताळची भेट म्हणून मिळालेली. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलानं त्या पर्समध्ये हात घातला आणि आईचा तिथेच अंत झाला. ही हकीकत मी वाचली तेव्हापासून पर्सचा विषय माझ्यासाठी मिटला. पर्स आपण खांद्यावरून उतरवतो, खुर्चीला अडकवतो, ‘जरा बघ गं’ म्हणून मैत्रिणीच्या हाती देतो. जी वस्तू दिवसभरात इतक्यांदा अंगावेगळी होते, तीत बंदूक ठेवू नये.

घराचाही विचार आहेच, आणि तो मला सर्वांत अवघड गेला. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक, २६,३२८, आत्महत्या होत्या. दुकानातली एकही जाहिरात हा आकडा सांगत नाही. जाहिरातीतला धोका दाराबाहेर उभा असतो, टोपी घातलेला, अंधारातला. आकड्यांतला धोका घरातल्या एखाद्या खोलीत, दार लावून, एकटा बसलेला असतो. आमची मुलगी आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. तिचं मधलं एक वर्ष फार वाईट गेलं. त्या वर्षी आमच्या घरात बंदूक असती तर, हा विचार मी पूर्ण करू शकत नाही. औषधाच्या गोळ्या खाल्लेल्या माणसाला बहुतेक वेळा वाचवता येतं, मी फार्मसिस्ट आहे, हे मला ठाऊक आहे. बंदूक तशी दुसरी संधी क्वचितच देते. म्हणून पिस्तुलाआधी आम्ही पोलादी पेटी आणली. ती भिंतीला बोल्टनं बसवलेली आहे आणि तिचा आकडा फक्त मला माहीत आहे. नवऱ्यालाही सांगितलेला नाही, आणि त्यालाही ते पटलेलं आहे. घरात कोणाचेही दिवस पुन्हा तसे आले तर पिस्तूल घराबाहेर जाईल, हे आम्ही आधीच ठरवलं आहे.

शेवटी मी मधल्या वजनाचं, सैल स्लाइडचं, ९ मिलिमीटरचं पिस्तूल निवडलं. माझ्या मुठीत ते पूर्ण बसतं, त्याचा चाप मला मनगट न हलवता ओढता येतो, आणि त्याचा सराव करायला मला आवडतं. दुकानात मला दाखवलेल्या कुठल्याही ‘लेडीज’ हत्याराहून ते जड आहे.

पण मला भीती वाटते ती नेमकी एका वेळेची. रात्री औषधांचं दुकान बंद करून मागच्या पार्किंगमध्ये गाडीपर्यंत जायचं असतं तेव्हाची. औषधांच्या दुकानांवर दरोडे पडतात ते अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांसाठी, आणि किल्ल्या कोणाकडे असतात हे बघणाऱ्याला सहज कळतं. नोकरीच्या नियमांप्रमाणे मला कामावर पिस्तूल नेता येत नाही. टेक्सासचा कायदा ते कुलूपबंद गाडीत ठेवायला परवानगी देतो, मालक त्याला आडकाठी करू शकत नाही. इथे मला सुझाना हप आठवतात. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावच्या लूबीज उपाहारगृहात एका माणसानं तेवीस जणांना मारलं. त्यात सुझानाबाईंचे आईवडील होते. सुझानाबाईंचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर गाडीत राहिलं होतं, कारण तेव्हाच्या कायद्यानं ते अंगावर बाळगणं गुन्हा होता. पुढे त्या जागोजागी साक्षी देत फिरल्या, आमदार झाल्या. १९९५ साली टेक्सासनं परवान्यानिशी पिस्तूल बाळगायला मुभा दिली, त्यामागे त्यांच्या संतापाचा मोठा वाटा होता. तो संताप मला समजतो. गाडीतलं हत्यार कामाचं नसतं, हे त्यांच्याइतकं कोणी सोसलेलं नाही.

तरी गाडीत ठेवायचं मी नाकारलं. ह्यूस्टनमध्ये गाड्यांच्या काचा फुटतात, आणि चोरीला गेलेल्या बंदुका मोठ्या प्रमाणावर गाड्यांतूनच जातात. माझ्या गाडीतून गेलेलं पिस्तूल कोणाच्या पोटावर रोखलं जाईल हे मला कळणारही नाही. तेव्हा कामाच्या दिवशी ते घरच्या पेटीत राहतं, आणि ज्या तासासाठी मी ते घेतलं त्या तासाला ते माझ्याजवळ नसतं. नवरा म्हणतो, मग घेतलंस कशाला? आठवड्याच्या बाकीच्या दिवसांसाठी, घरासाठी, लांबच्या एकट्या प्रवासासाठी, असं उत्तर मी देते आणि ते खरं आहे, पण त्यानं त्याचं समाधान होत नाही. पार्किंगमधले बंद पडलेले दोन दिवे बदलून घेण्यासाठी मी वरिष्ठांना पत्र लिहिलं आहे. शेवटच्या पाळीला दोघांनी मिळूनच बाहेर पडायचं, असा नियम आमच्या शाखेपुरता करून घेतला आहे. रखवालदार मिळावा म्हणून मागणी केली आहे, ती अजून मंजूर झालेली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा करणार आहे.