बोरीच्या घळीत

12 मे
नळदुर्गच्या किल्ल्याखाली नदीत उतरलो. बोरी कसली, नुसते काळे खडक. एकाच डोहात हिरवट पाणी, काठावर वंचक. दगडाला हात टेकला, चटका बसला.

20 जून
मृग कोरडा गेला.

9 जुलै
घरी आप्पा रोज विचारतात, धरण किती भरलं? वरचं बोरी धरण सांडल्याशिवाय किल्ल्याच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे पडत नाहीत. ऑक्टोबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्याआधी बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणी महालात जायचं म्हणतात.

2 ऑगस्ट
पाणी महालाच्या जिन्यात वटवाघळांचा वास. खिडकीतून खाली कोरडी घळ. किल्ला आणि रणमंडळ जोडणारा हा बंधारा 1613 सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा. घरी आल्यावर आप्पांचा पहिला प्रश्न: दगडांच्या दर्जा कशा आहेत? जन्म गवंडीकामात गेला.

28 ऑगस्ट
आमच्या वळसंगला थेंब नाही. तुरीनं माना टाकल्या.

19 सप्टेंबर
रात्रभर कोसळला. पत्र्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येईना. शेताचा बांध फुटला.

25 सप्टेंबर
धरण सांडलं! शेजाऱ्याच्या जीपनं आप्पांना नेलं. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबले, हात धरू देईनात.

खिडकीसमोर तांबडं पाणी. भिंतीपासून सुटून पडतं, त्यामुळे आत उभं राहता येतं. तोंडावर तुषार. पायाखाली दगड थरथरतोय असं वाटलं. सगळे धबधब्याचे फोटो काढत होते. आप्पा पाण्याकडे पाठ करून दोन दगडांच्या सांध्यावरून अंगठा फिरवत होते. मग माझ्या कानाशी येऊन ओरडले, "असा चुना आता मळत नाही कोणी!"

8 ऑक्टोबर
ऑपरेशन झालं. दुखतंय, पण सांगत नाहीत.

16 नोव्हेंबर
एकटाच घळीतून खालच्या अंगाला चाललो. पाणी निवळलंय, तळाचे गोटे दिसतात. हेच पाणी पुढे कुरनूर धरणात जातं. काठाला तरवड फुललाय. आप्पांशिवाय चालताना सारखं मागं वळून बघितलं.

13 जानेवारी
पौष पौर्णिमा, नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा. भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालेली. काठावर पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले. देवाला आलेल्यांनी देवाच्या नदीत हे टाकावं, याचा फार राग आला.

2 मार्च
आप्पा काठी टेकत मारुतीच्या पारापर्यंत जाऊन आले.

21 एप्रिल
नदी पुन्हा डोहाडोहांत तुटली. आप्पांना बंधारा खालून, घळीत उभं राहून बघायचाय. भिंतीचा तळ आताच उघडा सापडतो म्हणतात. उद्या उजाडायच्या आत निघायचं. पिशवीत पाण्याच्या बाटल्या, भाकरी, आणि त्यांनी स्वतः शोधून काढलेला ओळंबा.