दिवाण-ए-खासचं छत

दिल्ली पहिल्यांदा पाहायला निघालं की सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. कुतुब चुकवू नका, चांदणी चौकात पराठे खा, आग्रा एका दिवसात उरकून या. पुण्यातल्या एका ग्रंथालयात मात्र शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर अभ्यासक एवढंच म्हणाले, "लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासचं छत बघा. ते आपल्या लोकांनी उतरवलंय." माझा सगळा बेत त्या वाक्याभोवती ठरला. जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात म्हणून फेब्रुवारी धरला. सोमवारी किल्ला बंद, तोही वार टाळला.

पहाडगंजमधली खोली वाईट निघाली. खिडकी जिन्यात उघडायची, रात्रभर पायऱ्यांवरून बॅगा आपटत जायच्या, आणि गरम पाण्यासाठी सकाळी खाली जाऊन भांडावं लागे. नव्या माणसाने स्टेशनजवळच्या स्वस्ताईला भुलू नये; मेट्रोच्या जवळ राहावं.

कुतुब, हुमायूनची कबर, इंडिया गेट भराभर पाहिले. देखणे आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहिणारेही खूप आहेत. मला घाई होती लाल किल्ल्याची.

दिवाण-ए-खास, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराचं दालन, मी बाहेरूनच मान वर करून पाहिलं. पांढऱ्या संगमरवरी खांबांवर रंगीत दगडांची फुलं, मधून गेलेला कोरडा पाट, आणि वर रंगवलेलं लाकडी छत. हा रंग 1911 चा. शाहजहानच्या काळी तिथे चांदी होती. मयूरासन याच दालनातलं; ते 1739 मध्ये नादिरशहाने नेलं. 1757 मध्ये अहमदशहा अब्दालीने शहर लुटलं. आणि ऑगस्ट 1760 मध्ये किल्ला घेतल्यावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी छताची चांदी काढून नाणी पाडली. नऊ लाख रुपये निघाले असं सांगतात. त्यांच्याबरोबर आलेल्या भरतपूरच्या सुरजमल जाटाला ते रुचलं नाही, आणि तो लवकरच भाऊंची साथ सोडून गेला.

शेजारचा गाइड नादिरशहाची गोष्ट रंगवून सांगत होता. छताबद्दल विचारलं तर "मराठे लूट ले गये" म्हणून पुढे सरकला. एवढ्या मोठ्या गोष्टीची अशी बोळवण मला सहन होईना. रात्री त्या अभ्यासकांना फोन लावला.

"बरोबरच सांगितलं त्याने," ते म्हणाले.

"नादिरशहा लूट घेऊन इराणला गेला. भाऊंनी फौजेचा पगार भागवला. पुण्याहून पैसा येत नव्हता, यमुनेला पूर, फौजेबरोबर हजारो बुणगे आणि यात्रेकरू. आणि तीच फौज पाच महिन्यांनी पानिपतावर कापली गेली."

"म्हणून ज्याच्या घरी उतरलो त्याच्याच घराचे वासे काढायचे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण हिशेब 1760 ला बंद करणं मला मान्य नाही. 1788 मध्ये याच किल्ल्यात रोहिला सरदार गुलाम कादिरने शाह आलम बादशहाचे डोळे काढले. तेव्हा मराठा सरदार महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली सोडवली आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं. 11 सप्टेंबर 1803 ला पटपडगंजच्या लढाईत इंग्रज सेनापती लेकने शिंद्यांच्या पलटणींना हरवलं, तोवर किल्ला शिंद्यांच्या ताब्यात होता. चांदी काढणारे मराठेच आणि बादशहाला सोडवणारेही मराठेच. दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारा गाइड त्या किल्ल्यात हवा.

"हे लिहा," माझं ऐकून घेऊन ते म्हणाले. "आणि जमलं तर बुराडीला जाऊन या."

आग्र्याचं तिकीट रद्द केलं. महादजींचे थोरले भाऊ दत्ताजी 10 जानेवारी 1760 ला बुराडी घाटावर पडले, सदाशिवरावभाऊ दिल्लीत येण्याच्या सात महिने आधी. आता तिथे दाट वस्ती आहे. ई-रिक्षावाल्याला जुना घाट विचारला. त्याला नाव ठाऊक नव्हतं, पण वाटेत दोघांना विचारत त्याने मला नदीपर्यंत नेलं. दत्ताजी कोण, हे त्याने परतताना विचारलं, आणि मेट्रो येईपर्यंत मी सांगत राहिलो.