आडवाटेचे मॉरिशस

मॉरिशसचे नाव काढताच लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: पांढरीशुभ्र वाळू, निळेशार पाणी आणि वाऱ्यावर डोलणारी झाडे. हे चित्र खोटे नाही. परंतु आठ-आठ दिवस बेटावर राहून किनारा न सोडणारे प्रवासी मी तेथे पाहिले, आणि ओसरीवर बसून चहा घेऊन परत जाणाऱ्या पाहुण्यांची मला आठवण झाली. घर पाहायचे तर माजघरापर्यंत जायला हवे.

बेट तसे लहानच. मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरात वसलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. विमानतळाबाहेर पडताच उसाची शेते लागतात आणि त्या शेतांत काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी एकेक दगड वेचून ते रचले. ते दगड पाहून मला सह्याद्रीच आठवला, आणि ही आठवण अगदीच निराधार नव्हती. भूशास्त्रज्ञ असे मानतात, की पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा लाव्हा उसळला, त्याच स्थानातून पुष्कळ काळानंतर मॉरिशसही समुद्रातून वर आले.

या विमानतळाजवळच मार-ओ-सोंज नावाची एक दलदल आहे. प्रवासी तिच्या अगदी जवळून जातात. पण तिचे नाव क्वचितच कोणाला ठाऊक असते. १५९८ मध्ये डच खलाशी या बेटावर उतरले, तेव्हा येथे डोडो नावाचा एक मोठा, उडता न येणारा पक्षी होता. माणसाची भीती त्याला ठाऊकच नव्हती. माणसांबरोबर आलेल्या उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी त्याच्या अंड्यांचा फडशा पाडला. १६६२ नंतर तो कोणी पाहिल्याची खात्रीलायक नोंद नाही. पुढे तर असा पक्षी खरोखर होऊन गेला की काय, याविषयीच काही विद्वान शंका घेऊ लागले! तेव्हा माएबूर गावच्या जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तरांनी त्याची हाडे शोधण्याचा ध्यास घेतला. १८६५ मध्ये त्यांनी या दलदलीत मजूर उतरवले. गढूळ पाण्यात काहीच दिसेना, म्हणून ते मजूर चिखलात पायांनी चाचपडत हाडे शोधीत होते. जगातील अनेक संग्रहालयांत आज डोडोचे जे सांगाडे आहेत, त्यांतील बरीचशी हाडे याच चिखलातून आलेली आहेत. क्लार्क यांचे नाव पुस्तकांत राहिले. पायांनी हाडे शोधणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

माएबूरच्या किनाऱ्यावरून होडीने थोड्याच वेळात ईल-ओ-झेग्रेत या चिमुकल्या बेटावर जाता येते. मला विचाराल, तर मॉरिशसमध्ये एकच जागा पाहायची झाल्यास मी हीच निवडीन. हे बेट अवघे २६ हेक्टरांचे, प्रवाळाच्या खडकाचे. १९६५ पासून ते राखीव आहे आणि वाटाड्याशिवाय तेथे फिरता येत नाही. एके काळी मॉरिशसच्या किनाऱ्यावर जे कोरडे जंगल होते, त्याचा उरलेला तुकडा येथे जपला आहे. आबनुसाची काळ्या गाभ्याची झाडे येथे वाढतात. पण त्यांच्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली होती. त्यांची फळे खाऊन बिया दूरवर टाकणारी प्रचंड कासवे माणसांनी मारून खाल्ली आणि ती जात नष्ट झाली. मग फळे झाडाखालीच पडून कुजू लागली. जंगलाला जणू पायच उरले नाहीत. यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधला. २००० साली त्यांनी आल्दाब्रा बेटावरच्या, दुसऱ्या जातीच्या मोठ्या कासवांना येथे आणले. परकी कासवे ते काम मन लावून करू लागली! मी गेलो त्या दिवशी एक कासव पायवाटेच्या मधोमध पसरले होते. वाटाड्या म्हणाला, "त्यांना घाई नसते, आपणच वळसा घालू." आम्ही निमूटपणे वळसा घातला.

याच झाडीत गुलाबी कबुतरे राहतात. १९९० च्या सुमारास रानात त्यांची संख्या दहाच्या आसपास उरली होती. मॉरिशसचा ससाणा तर त्याहून अडचणीत होता. १९७४ मध्ये असे चारच पक्षी माहीत होते. पिंजऱ्यात पिल्ले वाढवून रानात सोडणे, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त करणे, अशी कामे माणसांनी वर्षानुवर्षे केली. आज दोन्ही जातींचे शेकडो पक्षी बेटावर उडताना दिसतात.

तरीही निश्चिंत राहता येत नाही. जुलै २०२० मध्ये एक मोठे मालवाहू जहाज याच किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. काळा तवंग या बेटापर्यंत आला. तेव्हा हजारो लोक किनाऱ्यावर धावले. उसाचे पाचट कापडात भरून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले. तेल शोषून घ्यावे म्हणून कित्येकांनी डोक्यावरचे केसही कापून दिले. रोपवाटिकेतील रोपे आणि काही दुर्मीळ पक्षी सुरक्षित जागी नेण्यात आले. कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता ही माणसे कामाला लागली, याचे मला फार कौतुक वाटते.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या वाळूवर गर्दी असते. वर चढणारे थोडे. अठराव्या शतकात मळ्यांवरून पळालेले गुलाम या डोंगराच्या कड्याकपारींत लपून राहत. लोक एक कथा सांगतात. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा ती वार्ता घेऊन शिपाई वर आले. पण ते आपल्याला पकडायलाच आले असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तेथे उभे राहिल्यावर बोलावेसे वाटत नाही. त्याच कड्यावर एक लाल फूल फुलते. रानात ते या डोंगराखेरीज कोठेही उगवत नाही. मॉरिशसने त्यालाच आपले राष्ट्रीय फूल मानले आहे.

गुलाम गेले, तेव्हा मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले गेले. पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या चढून सुमारे पाच लाख माणसे या मुलखात आली. त्यांत आपल्या कोकणातलीही होती. त्यांच्या वंशजांचे एक मंदिर पश्चिमेकडील कास्कावेल गावी आहे. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातले जाखडी नृत्य तेथे 'झाकरी' या नावाने आजही नाचले जाते.

कास्कावेलला एक वृद्ध गृहस्थ भेटले. सावकाश, शब्द निवडून ते शुद्ध मराठी बोलत होते. "आमची मराठी शाळेत शिकलेली," ते म्हणाले, "घरी आम्ही क्रिओल बोलतो. पण आरती मात्र मराठीतच."

"आजोबा, तुम्ही कधी कोकणात आला होता का?" मी विचारले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. थोडा वेळ समोरच्या उसाकडे पाहत ते बसले आणि मग माझ्याकडे वळून, आपल्याच गावाची चौकशी करावी तसे विचारू लागले, "रत्नागिरीकडे यंदा पाऊस कसा आहे?"

"चांगला झाला," मी म्हणालो.

"भातलावणी झाली?"

"झाली."

"मग बरे," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या हातावर प्रसादाचा नारळ ठेवला.