लिफाफा क्रमांक दोन

हॉस्टेलमध्ये रात्री बारानंतर सगळ्यात जास्त कोण बोलत असेल, तर खाट! कूस बदलली की 'कर्रर्र'. रूममेट्स वैतागतात. मी मात्र उठून, वाकून, वेल्ड कुठे सुटलाय ते हाताने चाचपून बघते. सवयच आहे. माझ्या पप्पांचं उमरग्याला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रील, कपाटं आणि लोखंडी खाटा. दोन कारागीर, एक हेल्पर आणि मालक म्हणून पप्पा, जे कारागिरांपेक्षा जास्त वेळ वेल्डिंग करतात.

ही गोष्ट मी बारावीत असतानाची. एका सरकारी शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहासाठी खाटा घ्यायच्या होत्या. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. पप्पांच्या एका मित्राने टेंडरची जाहिरात दाखवली. सगळं ऑनलाइन आणि सगळं इंग्रजीत, चाळीसेक पानं. पप्पा बिनधास्त म्हणाले, "आपली पोरगी कॉन्व्हेंटची हाय की. ती वाचंल सगळं."

मला कोण आनंद! सोलापूरला मावशीकडे राहून मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सुट्टीत घरी आले की इंग्रजीचं सगळं माझ्यापुढे यायचं, औषधाच्या बाटलीपासून बँकेच्या पत्रापर्यंत. दोन रात्री बसून टेंडर वाचून काढलं. एकही शब्द अडला नाही. पप्पांच्या नावाची डिजिटल सही काढली, कागद स्कॅन केले, अपलोड केले. पप्पांचं दरपत्रक लेटरहेडवर होतं, शिक्का मारलेलं, इतकं छान दिसत होतं की तेही बाकीच्या कागदांबरोबर टाकून दिलं.

निकाल आला. तांत्रिक छाननीतच बाद!

कारण असं, की अशा टेंडरला दोन लिफाफे असतात. ऑनलाइन असले तरी नाव लिफाफाच. पहिल्यात तुमची पात्रता: नोंदणी, जीएसटी, उलाढाल, पूर्वीच्या कामाचा अनुभव. दुसऱ्यात फक्त दर. पहिल्यात जो पास, त्याचाच दुसरा उघडायचा, आणि त्यात ज्याचा दर सगळ्यात कमी तो 'एल-वन'. पहिल्या लिफाफ्यातच दर दिसला तर गुप्तता संपली. मग समितीने तुम्हाला बाद करायलाच हवं, कारण दर आधी कळला तर पात्र-अपात्र ठरवणाऱ्याचा हात हलू शकतो. नियम अगदी बरोबर आहे. मला त्यातला प्रत्येक शब्द कळला होता. व्यवहार कळला नव्हता.

पप्पा रागावले नाहीत. "आसू दे. पुढच्या टायमाला बघू." रागावले असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

पण खरा धक्का पुढे होता. दोन-तीन महिन्यांनी शहरातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. चाळीस खाटा करून हव्यात, दर मात्र पाडून. हाताला काम नव्हतं, पप्पांनी केल्या. मग फर्स्ट इयरला असताना मी एका मैत्रिणीला भेटायला त्याच वसतिगृहात गेले. तिच्या खाटेवर बसले आणि सवयीने पायाला हात लावला. आतल्या बाजूला त्रिकोणी पट्टी! खाट डुगडुगू नये म्हणून आमच्याकडचे एक कारागीर काका ती पट्टी प्रत्येक खाटेला लावतात, ऑर्डरमध्ये असो वा नसो. वर स्टिकर मात्र त्या व्यापाऱ्याचं. खाट आमची, बिल त्यांचं. आणि त्याने काही चोरी केली नव्हती हो. त्याला दुसरा लिफाफा माहीत होता, एवढंच.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले.

मित्रांनो, विद्यापीठ म्हटलं की आपल्याला परीक्षा, निकाल आणि रिव्हॅल्युएशन आठवतं. पण विद्यापीठ हे फार मोठं गिऱ्हाईकसुद्धा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं आणि २००४ मध्ये त्याचा उपपरिसर आपल्या धाराशिवला आला. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं काम १९८६ पासून आहे. अशा संस्थांना काय लागत नाही? उत्तरपत्रिका, छपाई, बाकं, प्रयोगशाळेची काचेची भांडी, रसायनं, गाद्या, पडदे, पाण्याच्या टाक्या, साफसफाई, भाड्याच्या गाड्या, पंख्यांची दुरुस्ती. यातलं कितीतरी आपल्याच जिल्ह्यातल्या शेडमध्ये होऊ शकतं.

सार्वजनिक विद्यापीठाला मनाला येईल त्याच्याकडून खरेदी करता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये त्यासाठी खरेदी समितीची तरतूद आहे. राज्य शासनाच्या खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आली. ढोबळ मानाने ही एक शिडी आहे. लहान खरेदीला तीन-चार जणांकडून दरपत्रकं मागवतात, मोठ्या खरेदीला ई-निविदा, आणि वर्षभर लागणाऱ्या वस्तूंना दरकरार. रकमेच्या मर्यादा शासन निर्णयाने बदलत असतात, म्हणून त्या त्या वेळी विचारून घ्याव्यात. राज्याच्या निविदा 'महाटेंडर्स'वर असतात आणि केंद्राची खरेदी मुख्यतः 'जेम' या बाजारपेठेवर, जी ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली.

आमची चूक हीच झाली की आम्ही शिडीच्या वरच्या पायरीवर उडी मारली. लहान माणसाने खालून चढावं. आधी उद्यम नोंदणी: १ जुलै २०२० पासून ही ऑनलाइन आहे आणि पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅनवर होते. (आमच्याकडून एका एजंटाने याचेच पैसे घेतले होते!) मग संस्थेच्या भांडार विभागात जाऊन आपलं नाव, कामाचे फोटो, नोंदणीची प्रत द्यायची आणि दरपत्रक मागवताना आम्हालाही कळवा म्हणून सांगायचं. लहान ऑर्डर मिळाली की काम झाल्यावर 'काम समाधानकारक' असा दाखला मागून घ्यायचा. पुढच्या टेंडरमध्ये जो 'अनुभव' मागतात, तो हाच कागद. टेंडर भरण्याआधी निविदापूर्व बैठक असेल तर जायचं, शंका विचारायच्या आणि शेवटच्या दिवसापर्यंत शुद्धिपत्रक आलंय का ते बघायचं.

सवलतीही आहेत. केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांसाठी २०१२ चं धोरण आहे. त्यानुसार वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून. अशा उद्योगांना टेंडरच्या बयाणा रकमेतूनही सूट मिळते. हे मी घरी सांगितलं तेव्हा पप्पा हसत म्हणाले, "मग वर्कशॉप मम्मीच्या नावावर करू का?" मम्मी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "करा की. पण मग गल्ला बी माझ्याकडं." विषय तिथेच संपला.

तर आम्ही खालून चढलो. एका कॉलेजला लॅबचे वीस स्टूल हवे होते. दरपत्रक दिलं, आमचा दर लागला, लेखी पुरवठा आदेश आला. स्टूल वेळेत पोचवले, बिल दिलं. आणि मग काहीच नाही. एक महिना, दोन महिने, तीन महिने... लोखंडाचा दुकानदार थांबत नाही. कारागिरांचा आठवड्याचा पगार थांबत नाही.

मी कायदा शोधून काढला. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो की करार काहीही असो, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने पुरवलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. ऑनलाइन तक्रारीसाठी २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टलही सुरू झालं. मी विजयी चेहऱ्याने पप्पांना दाखवलं. ते बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कायदा चांगलाय. पण व्याज मागितल्यावर पुन्हा दारात उभं करतील का आपल्याला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. कायदा ज्याच्यासाठी केलाय त्यालाच पुढची ऑर्डर हवी असते, म्हणून तो गप्प बसतो. दरात आणि दर्जात लहान माणूस कमी पडत नाही. तो कमी पडतो कागदात आणि वाट बघण्यात. व्यापारी चार-चार महिने वाट बघू शकतो, म्हणून स्टिकर त्याचं लागतं.

शेवटी मी स्वतःच त्या ऑफिसात गेले, भांडायला नाही, विचारायला. कळलं ते असं: स्टूलांची डेडस्टॉक रजिस्टरला नोंदच झाली नव्हती. नोंद नाही म्हणून बिलावर दाखला नाही, दाखला नाही म्हणून बिल पुढे नाही. स्टूल तिकडे लॅबमध्ये, त्यांवर मुलं बसून प्रॅक्टिकल करतायत, आणि कागदावर स्टूल आलेच नव्हते! क्लार्क मॅडमनी माझ्यासमोर नोंद घेतली. पुढच्या पंधरा दिवसांत पैसे जमा झाले. आता पप्पा माल उतरवला की चलनावर तारखेसह सही घेतात आणि रजिस्टरचं पान नंबर विचारून बिलावर लिहितात. व्याज अजून एकदाही मागितलेलं नाही.

आपल्या तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये तगरचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जायचं. म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाला माल पुरवणं या मातीला नवीन नाही. पण कापड विणणाऱ्या एकाचंही नाव त्या ग्रंथात नाही. स्टिकरची गोष्ट तेव्हापासूनचीच म्हणायची!

आपल्या हॉस्टेलमधल्या कितीतरी जणांच्या घरी असा काहीतरी लहान धंदा आहे. कुणाची प्रिंटिंग प्रेस, कुणाच्या काकांचं फर्निचर, कुणाच्या आईचा बचत गट. आपण थर्मोडायनॅमिक्स चार दिवसांत वाचतो, मग चाळीस पानांचं टेंडर का नाही? स्टाफमधल्या सरांना-मॅडमना एक विनंती: निविदेबरोबर मराठीत एक पानाचा सारांश लावला आणि दोन लिफाफ्यांची ओळ ठळक केली, तर उमरग्याच्या एखाद्या घरातली मुलगी दोन रात्री रडणार नाही.

मागच्या महिन्यात पप्पांनी पुन्हा एक टेंडर भरलं. कागद मीच लावले. अपलोड करण्याआधी पप्पांनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ आले आणि एकच प्रश्न विचारला, "दर कुठल्या पाकिटात?"

म्हटलं, "दुसऱ्या."

"मग दाब बटन."

निकाल अजून यायचाय.