पाण्याच्या वेळेने चिपळूण

चिपळूणला जायचं म्हटलं की मी दिनदर्शिका भिंतीवरून काढून हातात घेतो आणि तिथ्या वाचायला लागतो. वाशिष्ठीच्या खोऱ्यात निसर्ग पाहायचा तर पाण्याची वेळ सांभाळावी लागते, आणि पाणी आपले रविवार ओळखत नाही. ही नदी सह्याद्रीच्या धारेवरून उतरते, चिपळूणला वळसा घालते, मग खाडी होऊन रुंदावत दाभोळजवळ समुद्राला मिळते. मागे डोंगराची भिंत, पुढे खाडी, आणि मध्ये टेकड्यांच्या ओंजळीत हे गाव. डोंगराचा आणि समुद्राचा श्वास इथे एकाच दिवसात ऐकू येतो. म्हणून जावंसं वाटतं, आणि म्हणूनच नीट ठरवून जावंसं वाटतं.

माझ्या मनात माघ वद्य पंचमी-षष्ठी आहे. महाशिवरात्र आठवड्यावर आलेली असते. थंडी संपलेली नसते, पण उन्हाला धार आलेली असते. काटेसावरीची पानं गळून फांद्या लाल झालेल्या असतात, आंब्याचा मोहोर वाडीवाडीत दरवळत असतो. पण तिथी निवडण्याचं खरं कारण खाडीतला चिखल आहे. किनाऱ्यावरच्या माणसांचा एक सोपा हिशोब आहे : तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल त्या आकड्याच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी तळाला जाते. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी साडेदहाला. हा हिशोब समुद्राच्या तोंडाजवळचा. तिथून पाणी आत चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढायला-उतरायला आणखी वेळ घेतं. म्हणजे इथल्या खाडीत पाणी ओसरतं ते ऊन्ह चांगलं तापल्यावर, आणि नेमकी हीच वेळ मगरींना हवी असते.

वाशिष्ठीच्या मगरी हे या खोऱ्याचं फार मोठं वैभव आहे. मगर ही मुळात गोड्या पाण्याची; पण इथे ती मचूळ पाण्याच्या काठाशी सुखाने राहते. तिचं रक्त थंड, म्हणून हिवाळ्यात ती ऊन्ह खायला चिखलावर येते आणि जबडा उघडा टाकून तासन्‌तास पडून राहते. होडीचं इंजीन बंद करून लांबूनच तिच्याकडे पाहत बसावं. जवळ जाण्याचा हट्ट धरला की ती पाण्यात सरकते आणि तिला मिळालेलं ऊन्ह आपण हिरावून घेतलेलं असतं. आजूबाजूच्या ओल्या गाळात तुतारी आणि चिखल्या चोची खुपसत फिरत असतात. फार दूरच्या उत्तरेतून आलेली ही एवढीशी पाखरं परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात. त्या गाळाला कुणी घाण म्हटलं की मला वाईट वाटतं. हजारो मैलांची शिदोरी त्यात असते.

पण खाडी प्रवासाच्या शेवटाकडे यावी, सुरुवातीला नव्हे. जायचं ते कराडकडून, पाटण-कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाटाने, पाणी उतरतं तसं उतरत. कारण या खोऱ्यातलं एक पाणी मुळात इथलं नाही. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचा ओढा पूर्वेकडे. तिला धरणात अडवून, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पाडून, पोफळीच्या बाजूला वीज काढली जाते. 1960 मेगावॅटचा हा प्रकल्प. वीज देऊन झाल्यावर ते पाणी कोळकेवाडीच्या धरणातून पुढे वाशिष्ठीत येतं. कोकणातल्या कितीतरी नद्या शिमग्यानंतर दगडगोट्यांच्या वाटा होऊन जातात. वाशिष्ठी मात्र वैशाखातही वाहते. पावसाचं, भरतीचं आणि विजेचं, अशी तीन पाण्यं इथे एकत्र येतात.

ती एकत्र येतात तेव्हाचं दुःखही या गावाने सोसलं आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. गुरुपौर्णिमेला दोनच दिवस होते, म्हणजे समुद्राला उधाण येण्याचे दिवस. डोंगरातून लोंढा येतो तेव्हा पुढे भरती उभी असेल, तर पाण्याने जायचं कुठे? ते बाजारपेठेत शिरलं, माड्यांपर्यंत चढलं. तिथी पाहून प्रवास ठरवताना मला ही आठवण सोडावीशी वाटत नाही. आपल्याला जे चार दिवसांचं सौंदर्य आहे, ते इथल्या माणसांचं बारा महिन्यांचं दैव आहे.

घाट उतरला की एक दिवस झाडांसाठी ठेवायचा. वरच्या अंगाला कोयना अभयारण्य आहे. 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, त्यातही त्याचा समावेश आहे. खाली कोकणात मात्र असं संरक्षण क्वचितच. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. इथे मोठं झाड उभं आहे ते एक तर देवराईत देवाच्या धाकाने, नाहीतर कुणाच्या परड्यात त्या घराच्या मर्जीने. धनेशाचा संसार अशाच झाडावर अवलंबून असतो. जुन्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते आणि त्या फटीतून नर तिला उंबराची, वडाची फळं भरवत राहतो. झाड विकलं गेलं की ढोली गेली. नवी ढोली पडायला माणसाचा जन्मही पुरत नाही.

शेवटचे दोन दिवस गुहागरला. खाडी जिथे समुद्राला मिळते त्या अंजनवेलच्या अंगाला हा किनारा. याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून वर येऊ लागतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पंचेचाळीस ते साठ दिवसांची ऊब. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर अधिक. या किनारपट्टीवर कासवं वाचवण्याचं काम चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये वेळासला सुरू केलं. जी गावं पूर्वी अंडी खायची वा विकायची, त्याच गावांतली माणसं आज पहाटे पावलांचे माग काढत किनारा चालतात. 2021 मध्ये ओडिशात खूण केलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालून गेली. पूर्वेचा समुद्र सोडून एवढा वळसा घालून ती या वाळूवर आली, कारण ही वाळू कुणीतरी तिच्यासाठी राखली होती. तेव्हा किनाऱ्यावर विजेरी नको, फ्लॅश नको. पिल्लू उजेडाकडे चालतं, आणि त्याचा उजेड समुद्रावर असायला हवा.

तुम्हीही जाणार असाल तर सलग चार-पाच दिवस काढा आणि गर्दीच्या सुट्ट्या टाळा. तिथी पाहा, घाटाने उतरा, होडीवाल्याला वेळ त्याची त्याला ठरवू द्या. पिल्लं त्या दिवशी वर आली नाहीत, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा किनाऱ्यावर जा. मोठ्या हॉटेलात उतरण्यापेक्षा एखाद्या वाडीतल्या घरी राहा. त्या घरामागे जुना बेहडा किंवा वड असेल तर त्याच्याविषयी विचारा, आणि निघताना यजमानांना स्पष्ट सांगा की आम्ही या झाडासाठी आलो होतो. लाकडाच्या व्यापाऱ्याने त्या झाडाची किंमत त्यांना अनेकदा सांगितलेली असते. आपणही एकदा सांगायला हवी.