जात्यावरची ओवी आणि पेटीतला कागद

समाजाचा इतिहास म्हटला की महाड, नाशिक, येवला, नागपूर ही नावे चटकन तोंडावर येतात. यायलाच हवीत. पण १३ ऑक्टोबर १९३५ रोजी शेजारच्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा आमच्या कोपरगाव तालुक्यातल्या कोणत्या गावातून कोण गेले, पायी गेले की बैलगाडीने, परत आल्यावर गावकीने त्यांना कसे वागविले, हे कुठे लिहून ठेवले आहे? ती पिढी गेली. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या लेकीसुना तेवढ्या उरल्या आहेत, त्याही ऐंशीच्या घरात.

या बाबतीत जात्यावरच्या ओव्यांचे काम डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी कार्यकर्ते जोडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांना आवाजाच्या नोंदींची जोड दिली. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या आपल्या माताभगिनीही त्यात आहेत. त्यांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण संग्रहाने २०१७ पासून त्या इंटरनेटवर खुल्या केल्या. आता कोणाही नातवाला मोबाईलवर त्या ऐकता येतात. आम्हांला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटली ती ही, की ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले आहे. आमच्या आज्यांचे नाव ना सातबाऱ्यावर होते, ना शाळेच्या दाखल्यावर!

म्हणून आम्ही काही कार्यकर्ते रविवारी विहारातली वंदना आटोपली की घरोघरी जातो. आमचा पेशा कारकुनीचा, त्यामुळे कागद कसा हरवतो हे आम्हांला चांगले ठाऊक. पत्र्याच्या पेटीतून काय निघत नाही! जयंतीची पावतीपुस्तके, बौद्ध पद्धतीने लागलेल्या पहिल्या लग्नाची पत्रिका, वतनाचा जीर्ण कागद. बाहेरचे लोक 'यात काय आहे' म्हणतील. आम्ही म्हणतो, वर्गणीच्या चार आण्यांसमोर लिहिलेले नाव म्हणजेच चळवळ.

मात्र एका घरी आजीबाई पेटी उघडेनात. पूर्वी कोणी अभ्यासक आठ दिवसांसाठी म्हणून मालकांचा समता सैनिक दलाच्या गणवेशातला फोटो घेऊन गेला, तो परत आलाच नाही. घरात दुसरा फोटो नाही. नातवंडांनी आजोबा पाहिलेलेच नाहीत. त्यांना काय उत्तर द्यावे? आम्ही खाली बसलो, चहा घेतला, ऐकून घेतले. त्या दिवशी फक्त आवाज टिपला, तोही त्यांना विचारून.

तेव्हापासून नियमच केला आहे. मूळ कागद घराबाहेर जाणार नाही. दारातल्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाईलने तिथेच फोटो काढायचा. कोणाचा, कुठला, कोणत्या साली, हे लगेच वहीत लिहायचे. आणि घरच्यांची परवानगी असेल तेवढेच इंटरनेटवर जाईल. काही गोष्टी सांगणाऱ्याला घरातच ठेवायच्या असतात.

वाचकांनी तूर्त एवढे करावे. जुना कागद लॅमिनेट करू नये, त्याने तो कायमचा बिघडतो. फोटोच्या मागे साध्या पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत, बॉलपेनने नको. आणि घरात कोणी ओव्या म्हणणारी आजी, मावशी, आत्या असेल तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू नये, या रविवारीच तिच्याजवळ बसावे.