कासारीच्या फुगवट्यावर

जोतिबाच्या डोंगराच्या दक्षिणेस कासारी नदी उसाच्या मळ्यांतून प्रयाग चिखलीच्या संगमाकडे जाते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढतात. तोवर मागचे पाणी संथ असते. वैशाखात तेथे आम्ही उभयतांनी गळ टाकून एक दिवस काढला, तोही ट्रकच्या चाकाच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून. मध्ये दोरीची वीण, पाय पाण्यात, हातांचीच वल्ही. गरीब मच्छीमार अशाच ट्यूबवर जाळी लावतात. अमेरिकेत बास मासा धरण्यासाठी हौशी लोक तसलीच तरंगती बैठक दुकानातून विकत घेतात!

बासच्या स्वभावाचा आपल्याकडील मासा म्हणजे मरळ. तो गवताआड दबा धरतो. पण श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. दुपारपर्यंत चार चिलापी मिळाल्या, मरळ नाही.

उन्हे कलताना लव्हाळ्यापाशी पाणी थरथरले. पिल्लांचा थवा होता. आम्ही बेडूक लावलेला गळ फेकणार, तोच सौ. म्हणाली, "अहो, थांबा. खाली दोघे आहेत." बासच्या पिल्लांची राखण एकटा नर करतो, मरळ माशाची जोडी मिळून करते, आणि जवळ येईल त्यावर झेप घेते. म्हणूनच तेव्हा तो सहज गळाला लागतो. बाजारात त्याला भावही चांगला. गळ आवरला खरा, पण हळहळ अजून आहे.

ट्यूब परत घेताना मच्छीमार मामांनी पिशवीत डोकावून पाहिले. "मरळ पिल्लांवर हुता व्हय?" एवढेच विचारून त्यांनी चिलापी साफ करायला विळी मागवली.